चौदावा प्रश्न

दोराच्या टोकाला बांधलेला कंदील पेवाच्या तोंडातून खाली गेला. चार हात, आठ हात, बारा हात, आणि विझला. फडफडला नाही, काजळी धरली नाही. कुणी चिमटीत वात दाबावी तसा विझला.

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळी नऊला हाच कंदील याच पेवात अर्धा तास जळत राहिलेला मी स्वतः पाहिला होता. त्यानंतर चार माणसं खाली उतरली, हळदीची पोती भरून वर आली, जेवायची सुट्टी झाली म्हणून माणसंही वर आली. मधल्या वेळात पेवाचं तोंड कुणी झाकलं नव्हतं.

"बगितलासा?" मुकादम आण्णाप्पा मगदूम दोर गोळा करत म्हणाले.

"पण सकाळी तर जळत होता."

"सकाळी जळला म्हणून माणसं उतरली. आत्ता तशीच उतरली असती, तर त्यास्नी वर काढाय लागलं असतं. आपल्या पायानं कोण आलं नसतं."

कंदील सोडताना "आता पुन्हा कशाला?" असं मीच विचारलं होतं, आणि तेही जाणत्या माणसाच्या सुरात.

कृष्णाकाठच्या कोंडसर गावात हळद गोदामात ठेवत नसत, जमिनीत ठेवत. पेव म्हणजे जमिनीत पुरलेला भला थोरला माठच. पोट ऐसपैस, तोंड एका माणसापुरतं, खोली पंचवीस ते चाळीस फूट. हळद भरायची, वर फरशी, फरशीवर माती. आतली हवा मरते, म्हणून किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. आणि किडा जगत नाही तिथं माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, तो जळाला तरच माणसानं उतरायचं.

"आसं आसतंय," आण्णाप्पांनी मला समजावलं. "वरची हळद काढली की तळातली वाफ वर येतीया. सकाळचं पेव येगळं, दुपारचं येगळं. माणूस जितक्या वेळा, कंदील तितक्या वेळा. आमचा बा म्हणायचा."

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी मिरजेत राहून पुण्याच्या एका मासिकासाठी 'पोटाचे धंदे' ही लेखमाला लिहीत होते. नोकरी नव्हती. संपादक पारखी विषय कळवत आणि मी तो लिहून देई. मिठागर, घोड्याचे नाल, चष्म्याच्या काचा घासणारे, विहिरीतला गाळ काढणारे. आदल्या महिन्यात ज्यातलं अक्षर कळत नव्हतं, त्याच्यावर पुढच्या महिन्यात पाच पानं. पारखी पत्रात लिहीत, "कुंदाबाई, तुम्ही म्हणजे पी हळद अन् हो गोरी." मला ते कौतुक वाटे. पंधरा दिवसांत मी कुठल्याही विषयाची होते, असं मी लोकांना सांगतही असे.

त्याला माझी एक पद्धत होती. विषय आला की नवी वही काढायची आणि पहिल्या पानावर आपल्याला काय काय माहीत नाही त्याचे वीस प्रश्न लिहायचे. उत्तर मिळेल तसतशी प्रश्नापुढे पेन्सिलीनं खूण करायची. वीस खुणा झाल्या की लिहायला बसायचं. दुसरा नियम असा, की एकच गोष्ट तीन ठिकाणी सापडली तर ती खरी धरायची.

हळद तर मला अगदीच परकी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी, नवी नवी लिहायला लागले तेव्हा, कोंडसरच्या व्यापारी संघाची एक पुस्तिका मी लिहून दिली होती. आठ दिवसांत चाळीस पानं. नाव संघाचं, लिखाण माझं. बाजार, जाती, वायदे, रेल्वे असं सगळं त्यात होतं आणि पेवांना दीड पान. त्यातलं मला काही आठवत नव्हतं. मी नव्यानं वाचलं, एका वर्तमानपत्राचा लेख, एका कॉलेजचा स्मरणग्रंथ, एक शेतकी दिनदर्शिका. तिन्हीकडे लिहिलं होतं की कंदिलाची तपासणी सकाळी एकदा केली की पुरते. तीन ठिकाणी आलं, म्हणून मी वहीत खूण करूनच आण्णाप्पांकडे गेले होते.

"हे कुठं वाचलासा तुमी?" त्यांनी सकाळी विचारलं होतं.

"तीन ठिकाणी."

"दुपारपत्तूर थांबा," एवढंच म्हणाले. आणि दुपारी कंदील विझला.

पेवापासून दहा पावलांवर लिंबाखाली एक माणूस बसला होता. चाळिशीचा, अंगानं दणकट. त्याच्यासमोर राखेची वाटी आणि पाच-सहा कंदील. तो काचा घासून पुसत होता, उजेडाकडे धरून पाहत होता, पुन्हा पुसत होता. सकाळी मी आले तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आलासा? बसा." पाणी प्यायला गेले तेव्हाही म्हणाला, "आलासा? बसा." आताही तेच म्हणाला.

"माजा धाकटा. सातगोंडा," आण्णाप्पा म्हणाले. "तीन वर्सं झाली. जेवान करून उतरला. सकाळी कंदील जळल्याला, मालक म्हणाले उतरा. वर काढला तवा धुगधुगी हुती. जगला. पर त्यो दिस काय त्येच्यातनं फुडं सरकंना."

मी विचारलं, "मालकांवर काही झालं नाही?"

"चौकशी झाली की. सायेब आलं, कागूद बगितला, नेम पाळलाय म्हणून लिवून गेलं. चला, दावतो तुमास्नी."

मालक भूपाल आवटी त्या दिवशी जयसिंगपूरला लग्नाला गेले होते. म्हणून तर दुपारी कंदील सोडता आला, एरवी त्याला परवानगी नव्हती. पेवाची हवा पालटेपर्यंत तास-दीड तास माणसं बसून राहतात, ते मालकांना पटत नसे. पेढीवर दिवाणजी पेंगत होते. त्यांच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत एक छापील पान लावलं होतं.

"ह्योच कागूद," आण्णाप्पा म्हणाले. "वाचा."

मी वाचलं. 'सकाळी एकदा कंदिलाने कौल दिला, की पेवाच्या पोटात दिवसभर निर्धास्त वावरावे, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.'

दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. आईला गर्दीत आपलं पोर पाठमोरं ओळखू येतं, तसं मला ते वाक्य ओळखू आलं. 'कंदिलाने कौल दिला' हे माझं होतं. ते सुचलं तेव्हा मी खूश होऊन चहा केला होता, हेही मला त्या क्षणी आठवलं. आणि वर्तमानपत्र, स्मरणग्रंथ, दिनदर्शिका ही तीन तोंडं नव्हतीच. तिघांनी एकाच पुस्तिकेतून उचललं होतं. मी माझंच लिहिलेलं तीनदा वाचून ते खरं मानलं होतं.

"हे ज्यानं लिवलं त्यो कवा पेवावर आलाच नसंल," आण्णाप्पा शांतपणे म्हणाले. "उंटावरनं शेळ्या हाकल्यात. पर छापील हाय. मालक म्हणत्यात, तुजं तोंडचं, हे छापील. म्हणून तुमास्नी हितं येऊ दिलं बगा. तुमी खरं काय ते छापा. छापलंसा तर आईकतील."

"छापते," मी म्हणाले. "पण अंक निघायला महिना लागेल."

"सोमवारी थोरलं पेव उघडाय लागल्यात. सात वर्सांनी. माजी माणसं न्हाई म्हणाली, तर मालकांनी सा जण बाहेरनं आणल्यात. खडी फोडणारी हाईत. त्यास्नी पेव कशाला म्हणत्यात तेबी ठावं न्हाई."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दारातून लिंबाखालचा सातगोंडा दिसत होता, काच उजेडाकडे धरून बसलेला. मी नमस्कार केला आणि एसटी गाठली. निघताना तो म्हणाला, "आलासा? बसा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. जुन्या वह्या मी कधी टाकत नाही. चौऱ्याऐंशीची वही तिसऱ्या ट्रंकेत सापडली. वर लिहिलं होतं, 'हळद, कोंडसर, व्या. संघ'. पहिल्याच पानावर वीस प्रश्न. एकोणीस प्रश्नांपुढे खुणा होत्या.

चौदावा प्रश्न असा होता: 'कंदील सकाळी एकदाच सोडतात की प्रत्येक वेळी? मुकादमांना विचारणे.' पुढे जागा मोकळी.

मी फरशीवर बसून राहिले. मग हळूहळू सगळं आठवत गेलं. व्यापारी संघाच्या चिटणिसांच्या खोलीत पंखा होता, चहा होता, हवी ती आकडेवारी होती. पेवं तिथून अर्ध्या मैलावर. पाच वाजले होते आणि मिरजेची शेवटची एसटी साडेपाचला होती. चिटणीस म्हणाले, "एकदाच सोडत असतील, रोज रोज कशाला?" आणि मी ती एसटी पकडली. त्या 'असतील'चं मी घरी येऊन 'पिढ्यान्‌पिढ्यांची रीत' केलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणजे काय, हे मला पस्तीस वर्षं नुसतं म्हण म्हणून माहीत होतं.

दुपारी मी बूथवर जाऊन पारखींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"पुस्तिकेवर तुमचं नाव आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. लेखात खरं ते लिहा, दुरुस्ती आपोआप होईल. कशाला उकरून काढता?"

"उद्या सहा माणसं उतरणार आहेत."

"कुंदाबाई, लोक तुमचं वाचतात ते तुम्ही नीट शोधून लिहिता म्हणून. उद्या तुम्हीच सांगितलंत की मी न विचारता लिहिलं होतं, तर मालेचं काय राहील? मला मासिकाच्या मालकांना उत्तर द्यावं लागतं."

"मला सातगोंडाला द्यावं लागतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मालेवाचून माझं काही खरं नव्हतं, हे पारखींपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. पण जायचं हे ठरलं होतं, आणि एकदा ठरलं की मी बदलत नाही. हा माझा गुण आहे की खोड, यावर घरात अजून एकमत नाही.

सोमवारी पहिली गाडी आलीच नाही, दुसरीनं मी कोंडसरला उतरले. आवटी पेढीवरच होते. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध, बोलणं मऊ. थोरल्या पेवाची फरशी पहाटेच काढली होती. नऊला कंदील सोडला, तो जळाला आणि सहा माणसं उतरली होती. आता साडेअकरा होत आले होते. बारा-साडेबाराला ती जेवायला वर येणार आणि दीडला पुन्हा उतरणार होती.

"या ताई, लेख लिहिताय म्हणे," आवटी म्हणाले. "आमचा फोटो घाला बरं का."

"आवटीसाहेब, ती चौकट खाली काढा. तिच्यावरचं खोटं आहे."

ते हसले. "आण्णाप्पानं कान भरलेत तुमचे. ताई, आमची ही तिसरी पिढी. पण खरं सांगतो, मी स्वतः कधी पेवात उतरलेलो नाही. मला दम्याचा त्रास. मला जे ठाऊक आहे ते वाचून. छापलेलं आहे, ते काय कुणी उगाच छापेल?"

"ते मी लिहिलंय."

दिवाणजींनी मान वर केली. दारात कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं मला जाणवलं, पण मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"यावर तुमचं नाव कुठं आहे?" आवटींनी विचारलं.

मी पिशवीतून वही काढली, पहिलं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. एकोणीस खुणांवरून त्यांची नजर सावकाश खाली आली आणि मोकळ्या जागेवर थांबली.

"म्हणजे विचारलंच नाहीत?"

"नाही."

"का?"

"साडेपाचची एसटी चुकली असती."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. काहीतरी मोठं कारण असेल अशी त्यांची समजूत असावी. मलाही तेव्हा वाटलं, एखादं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

"मग आता खरं काय आहे ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

"मला माहीत नव्हतं म्हणून तर हे झालं. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा. ते तीस वर्षं तुमच्याच दारात आहेत."

आता मी वळले. दारात आण्णाप्पा उभे होते. हातात कंदील आणि दोर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी आयुष्यात बऱ्याच जणांचा राग पाहिला आहे, पण त्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला जागा करून द्यायलाही तो चेहरा तयार नव्हता. त्यांनी कंदील खाली ठेवला.

"आण्णाप्पा," आवटींनी घसा साफ केला, "मग सांग बाबा. कंदील..."

"तुमी न्हवं, मालक." आण्णाप्पांचा आवाज खालचा होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी विचारू द्या. त्यास्नी विचारायचं हुतं न्हवं? ऱ्हायलंय न्हवं त्यांचं? विचारा की मग."

मी वही हातात घेतली. नऊ वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, गोल, वळणदार, स्वतःवर खूश असलेलं. मग मी वाचलं.

"कंदील सकाळी एकदाच सोडतात, की प्रत्येक वेळी?"

"माणूस जितक्या वेळा," आण्णाप्पा म्हणाले, "कंदील तितक्या वेळा."

मग त्यांनी कंदील उचलला आणि पेवाकडे चालू लागले. आवटी उठले, खुर्चीवर चढले आणि ती चौकट खिळ्यावरून काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला होता.

थोरल्या पेवावर सहा खडी फोडणारी माणसं वर येऊन भाकरी सोडून बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. कंदील सोडल्याशिवाय उतरायचं नाही, असं मालकांनी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "सकाळी तर बघितला की."

हातातला कंदील बाजूला ठेवून आण्णाप्पांनी सातगोंडानं पुसून ठेवलेल्या कंदिलांतला एक निवडला, पेटवला, दोराला बांधला. काच इतकी लख्ख होती की ज्योत उघडीच जळते आहे असं वाटावं. चार हात. आठ हात. बारा. मी तोंडाशी ओणवी होऊन पाहत होते. सोळा हातांवरही तो जळत होता, आणि माझ्या मनात एक नीच आशा डोकावली, की आज विझलाच नाही तर? मग मी तितकीशी चुकलेली नव्हते. ती आशा मला आजही विसरता येत नाही.

अठरा हातांवर तो विझला.

म्हाताऱ्यानं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली, पेवाच्या काठाशी आला आणि त्या काळोखाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं आपल्या पाच जणांना मागं सरकवलं, एकेकाच्या छातीला हात लावून, मोजल्यासारखं.

आण्णाप्पा दोर ओढत होते. "आता खूण करा," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. शनिवारी मी प्रश्नांपुढे खुणा करत होते ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मी पेन्सिल काढली आणि चौदाव्या प्रश्नापुढे खूण केली. ती वाकडी आली आहे. वही अजून माझ्याजवळ आहे. माफी मागायची म्हणून मी लिंबाखाली गेले. काय म्हणायचं ते रात्रभर घोकून ठेवलं होतं.

सातगोंडानं काच खाली ठेवली आणि हसून शेजारची जागा हातानं झाडली.

"आलासा?" तो म्हणाला. "बसा."

या वेळी मी बसले.